ओला पारा

"यंत्र जाऊ द्या आत. बाप्या माणूस नाई जाणार," लीलाबाईनं दारातच ठणकावलं.

ती बाळंतिणीची खोली होती. नांदगाव खंडेश्वराजवळच्या त्या खेड्यात मे महिन्यात काळी जमीन हात जाईल इतकी फाटली होती. आत खिडकी गोणपाटानं बुजवलेली, खाटेखाली शेगडी. लीलाबाईच्या सुनेचं, जमुनाचं, बाळ आठ दिवसांचं होतं.

घराघरात माणसाला किती उष्मा सोसावा लागतो, ते मोजायला कमलाकांत अकोल्याहून आले होते. त्यांनी बाहेरूनच समजावलं, "यंत्रात दोन फॅरनहाइट तापमापक आहेत. एकाचा पारा कोरडा. दुसऱ्याच्या बुडाशी कपडा, त्याचं टोक वाटीतल्या पाण्यात. हा ओला पारा खाली राहतो. घाम कितपत वाळतो, ते त्यावरून कळतं."

"घाम मोजाले अकोल्याहून आले! आमी फुकटात गाळतो, बाप्पा."

यंत्र आत ठेवून लीलाबाईनं दार लावलं. जमुनाची नजर वाटीवर अडकली. या खोलीत आठ दिवसांत साधं पाणी आलं नव्हतं. मिळायचा तो ओव्याचा कोमट काढा. बाळाचं अंग तापलेलं, सकाळपासून ते पीतही नव्हतं.

"आत्याबाई, खिडकी उघडा ना थोडी. लेकरू निपचित पडून राहिलं."

"वारा लागंन. माही पाच बाळंतपणं याच खोलीत झाली. मेली काय मी?"

पाचांतली दोनच लेकरं राहिली होती. ते घरात कोणी बोलत नसे.

जमुनानं पदर वाटीत बुडवला. बाळाचं कपाळ, काखा, तळपाय पुसले. पुन्हा बुडवला. कितीतरी वेळानं बाळानं छातीला तोंड लावलं. उरलेलं पाणी ती स्वतः प्यायली.

संध्याकाळी कमलाकांत दाराशी आले. "ताई, आकडे वाचता येतात?"

"चौथी झाली हाये."

"दोन्ही पारे सांगा."

"एकशे आठ. अन् एकशे आठ."

"शक्यच नाही. दोन्ही सारखे म्हणजे घाम वाळतच नाही. एवढ्यात माणूस जगत नाही."

"आमी जगून राहिलो ना."

"वाटीत पाणी आहे?"

खरं सांगितलं तर सासू यंत्रासकट वाटी उचलून नेणार. "सुकलं," जमुना म्हणाली. "इथं समदंच सुकते."

आतून बाळाचं बारीक रडणं आलं. कमलाकांत लीलाबाईकडे वळले. "आजी, वाटीनं भागणार नाही. सरकारी यंत्र आहे. कपडा कोरडा पडला तर जाब तुम्हाला द्यावा लागेल. भरलेली घागर आत ठेवा, रोज."

"यंत्राले इतकी तहान?"

"या खोलीत लागते."

लीलाबाईनं पुटपुटत घागर आणून टेकवली. "हात लावजो नको. सरकारचं पाणी हाये." बाहेरून कडी लागली. गोणपाट तसंच होतं, शेगडीही.

जमुनानं आधी यंत्राची वाटी भरली, मग पदर बुडवला. बाळाला पुसता पुसता ती पाहत होती; ओला पारा हळूहळू उतरत होता.