अंगठ्याखालचं भोक

माझ्या मालकीणबाईचं एक वागणं मला कधीच पटलं नाही. मोज्याला भोक पडलं की ती जेवण बाजूला ठेवून टाका घालील, पातेल्याचा कान निखळला तर त्याच दिवशी ठोकून आणील. पण माझी जाळी कडेला उसवली, तेव्हा तिनं काय केलं? त्यावर अंगठा ठेवला! आणि तो अंगठा वर्षानुवर्षं तिथंच राहिला.

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. हसू नका. चाळणीनं सुईच्या भोकाला नावं ठेवू नयेत, असं तुम्ही म्हणता ते मला ठाऊक आहे. ती म्हण सुईनंच पसरवली असणार. माझी भोकं कारागिरानं मापात केलेली आहेत. जे एक जास्तीचं झालं, त्याचीच ही कहाणी.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला घडवलं. पट्टी गोल वळवली, तिच्यात बारीक तारेची जाळी ताणून बसवली, मग एक डोळा मिटून मला उजेडाकडे धरलं. "हिच्यातून खडा जायचा नाही," तो म्हणाला. ते ऐकून मी जी ताठ झाले, ती आजवर ताठ. मालकीणबाई या घरात नवी नवरी होती तेव्हा मी आले. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "चाळण असावी तर अशी!" एकीनं मात्र मला ओलीच परत पाठवली होती. तिचं नाव मी काढत नाही.

एक गोष्ट सांगते. आमच्या जातीला स्वस्थ बसवत नाही. हलणं हाच आमचा जन्म. काम नसलं की मी दारामागच्या खिळ्यावर लटकते. दार उघडलं की डुलते, लागलं की भिंतीवर आपटते, आणि स्वयंपाकघरात कुणाचं पाऊल वाजलं की वाटतं, आता मला काढतील. बहुतेक वेळा ते पाऊल पाणी पिऊन निघून जातं.

सुट्ट्या संपून पाहुणे गेले की माझे दिवस येतात. मालकीणबाई तेव्हा काही म्हणजे काही वाया जाऊ देत नाही. उरलेला पाव ती बंद केलेल्या ओव्हनच्या उबेत वाळवते. लोण्याचे कागद केकच्या भांड्याला आतून पुसायला राखून ठेवते. डब्यांच्या तळचा बिस्किटांचा चुरा, ताटल्यांतले अक्रोडाचे तुकडे, वाळका पाव, सगळं पिशवीत घालून लाटण्यानं कुटते आणि माझ्यावर ओतते. खाली पडेल ते केकात, वर राहील ते खिडकीतल्या पाखरांना. पोरांनी अक्रोड फोडलेले असले की टरफलाची एखादी कपची त्यात सापडतेच. ती अडवणं माझं काम, आणि कडेच्या भोकातून ती निसटू न देणं अंगठ्याचं.

यंदा पाहुण्यांची गादी उचलताना मालकीणबाईचं मनगट मुरगळलं. हाताला पट्टी बांधून ती स्टुलावर बसली. "अगं, केक तूच कर आज," ती सुनेला म्हणाली.

सूनबाई हरखली. संध्याकाळी तिचे वडील यायचे होते. माहेरी असताना तिनं केलेला पहिला केक बघून ते म्हणाले होते, "पोरी, हा घराच्या छपरावर घालू, गळायचं तरी थांबेल." तो टोमणा तिच्या मनातून गेला नव्हता. आज तिला त्यांना घास भरवून दाखवायचा होता.

"आई, चुरा दोनदा चाळू ना?"

"तीनदा चाळ. माझ्या चाळणीतून खडा जात नाही, पण तुझं समाधान."

मला वाटलं, आता सांगेल, कडेला जप म्हणून. पट्टीतून बाहेर आलेला तिचा अंगठा नुसता वळवळत होता. तिनं तोंड उघडलं. "ओव्हन तापला का बघ," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या खेपेला, आधी दोनदा चुऱ्याबरोबर निसटलेली एक कपची घरंगळत कडेला आली. मी अंग चोरलं, करकरले, हातात वाकडी झाले.

"किती कुरकुरते ही म्हातारी!" सूनबाई म्हणाली आणि मला जोरात हलवलं.

खट्.

मालकीणबाईनं ते ऐकलं. कसं कळलं सांगू? तिचा अंगठा एकदम थांबला.

संध्याकाळी व्याही आले. केक पाहून खूश झाले. "विहीणबाई, खरं सांगा, विकतचा आणलात ना?" असं म्हणत त्यांनी मोठा घास घेतला. कट्! गालावर हात गेला, आणि बशीत टरफलाचा तुकडा पडला.

"बाबा, मी चांगलं तीनदा चाळलं होतं हो..."

"असू दे गं. छपरापेक्षा मऊ आहे."

सूनबाई हसली नाही. तिनं मान खाली घालून बशा उचलायला घेतल्या. "मी नाही पुन्हा करायची," ती पुटपुटली.

मी खिळ्यावर तळमळत होते. बोल ना, बाई! एवढी जीभ आहे, आजच का गिळलीस?

मालकीणबाई उठली. डाव्या हातानं तिनं मला खिळ्यावरून काढलं, दिव्याकडे धरलं आणि अंगठा बाजूला केला. भोकातून उजेडाचा ठिपका तिच्या गालावर पडला.

"व्याहीबुवा, हे बघा. पोरीनं चाळलं. चाळणच फाटकी आहे, आणि मला ते ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही, आई?"

"तू आल्यापासून ऐकवतेय, हिच्यातून खडा जात नाही म्हणून. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"द्या टाकून भंगारात," व्याही म्हणाले. माझी तार न् तार थरारली.

"भंगारात? या घरात लोण्याचा कागदसुद्धा टाकत नाहीत, बाबा." पाहुण्यांनी आणलेला फुलांचा गुच्छ सुकून गेला होता. सूनबाईनं त्याची बारीक तार सोडवली, उकळत्या पाण्यात घातली आणि मला मांडीवर घेऊन जाळी शिवली. मालकीणबाई दिवा धरून उभी राहिली. व्याह्यांनी दुसरा तुकडा घेतला, दुसऱ्या दाढेनं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा म्हणून मी हात जोडणार नाही. मला हात नाहीत, आणि जोडायची सवयही नाही. पण वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिचं काय मोडलंय ते सांगत जा. लाज तेवढ्यापुरतीच वाटते. दात मात्र पुन्हा उगवत नाही.

मनगट बरं झाल्यावर मालकीणबाईनं मला हातात घेतलं. पीठ ओतलं, आणि सवयीनं अंगठा नेऊन त्याच जागी ठेवला. तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर लावून करकरले आणि तिला तोंडावर सांगितलं, "बाई, काटकसर तू जगाला शिकवलीस, पण मला टाका घालायला सुनेकडून शिकलीस. आता काढ तो अंगठा!"