परसातली कळलावी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या एकुलत्या एक लेकीला, जमुनाला, दिवस राहिल्याचा निरोप आला आणि मी कळलावी शोधायला निघाले. बाई अडली की आमची सुईण मैनाबाई तिचा कंद उगाळून तळपायाला लावते. पूर्वी शेतांच्या बांधांवर, धुऱ्याधुऱ्यावर ती लाल-पिवळी फुलं दिसायची. पण सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली, इकडे कपाशीला सोन्याचा भाव आला आणि लोकांनी धुरेसुद्धा नांगरून टाकले. चार दिवस भटकले तेव्हा भातकुलीच्या वाटेवरच्या नाल्यात एक वेल सापडला.

कंद आणून परसात, रताळ्यांच्या वाफ्यालगत पुरला. नवऱ्याला सांगितलं नाही. कळलावी घरात आली की भांडणं लागतात, असं मानणारा तो माणूस; कोण डोकं फोडून घेईल! उन्हाळ्यात वेल वाळून गेला आणि वर काही खूण उरली नाही.

मृग तोंडावर आला होता. अमरावतीच्या बाजारात भाजी विकून दुपारी घरी आले, तर सगळा वाफा उकरलेला.

"हे कोनं खंदलं?" मी ओरडले.

"बानं. म्हणे इथंबी कपाशी लावतो." बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेली जमुना चुलीपाशी बसली होती. "रताळी निंगाली, मी भाजली."

कंद पोटात गेला तर माणूस वाचत नाही, असं मैनाबाईनं दहादा बजावलं होतं. मी हातानंच चुलीतली राख उपसली. बोटं पोळली. नुसती सालंच निघाली.

"तू किती खाल्ली? एखांदं कडू लागलं का?"

"दोन. गोड होती." माझं तोंड पाहून तीही घाबरली. "काहून व माय? काय झालं?"

"खरं सांग!"

"खरंच व. कडू होतं ते बानं खाल्लं. मी म्हटलं फेकून दे, त म्हणे कायले फेकू."

"देव पावला!" तिला पोटाशी धरून मी मोठ्यानं रडले. "वाचली माही पोरगी!"

मागे कोणी ओकल्याचा आवाज आला. जमुनाचा बाप भिंत धरून दारात उभा होता, घामानं निथळत. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तिनं त नाई खाल्लं ना?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मंग बरं झालं," म्हणत तो उंबऱ्यावर बसला, आणि मी मैनाबाईला हाका मारत रस्त्यानं धावत सुटले.