शेवटच्या रांगेतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. परंतु माझी कथा ऐकायची असेल तर आधी ताठ बसा. तालमीच्या खोलीत, रंगमंचापासून सर्वांत दूर, मागच्या भिंतीशी माझे स्थान होते. सुताराने मला अस्सल सागवानातून घडवले, मात्र पाठीचा एक सांधा सैल राहिला. बसलेले माणूस पुढे झुकले की मी करकरते.

नाटकमंडळीच्या दिग्दर्शिका मावशी यांनी या व्यंगाचे सोने केले. नटाचा शब्द पोहोचला नाही की त्या पुढे झुकत, मी करकरे, आणि समोरचा काय ते समजे.

त्यांची भाची प्रथम तालमीला उभी राहिली, तेव्हा मला क्षणाची उसंत मिळाली नाही.

"मावशी, ती खुर्ची तरी बदल गं!"

"खुर्ची राहू दे, आवाज बदल. शेवटच्या रांगेलाही तिकीट लागतं."

पोर जिद्दीची. तिने मला मुके केले, रंगभूमी गाजवली आणि पुढे चित्रपटांनी तिला डोक्यावर घेतले. तेथे कॅमेरा गालाशी असतो, कुजबुज पुरते. त्या कुजबुजीला पारितोषिके मिळाली. इकडे मावशींचे गुडघे धरले, तालमी थांबल्या. माझ्यावर पडद्यांचे गठ्ठे चढले, एक पाय मोडला. असो. रडगाणे गाणे माझ्या स्वभावात नाही.

केसांत रुपेरी बटा घेऊन ती एके दिवशी परतली. ध्वनिक्षेपकाशिवाय नाटक करायचा तिचा निश्चय होता. तालमीत जो तो म्हणे, "ताई, वाहवा!" एवढ्या मोठ्या नटीला 'ऐकू येत नाही' असे सांगणार कोण? वाहवा ऐकूनच ती धास्तावली. तिने मला अडगळीतून काढवले.

"पाय बसवा," तिने सुताराला बजावले, "पण पाठीच्या सांध्याला हात लावाल तर याद राखा."

मावशी आल्या, बसल्या. मी वाक्यागणिक करकरले.

"पडद्यावर तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो, इथे हाकसुद्धा नाही! आणि खाली काय शोधतेस?"

"खडूची खूण, मावशी. कॅमेऱ्यासमोर तिच्यावरच उभं राहायची सवय लागलीय."

"इथे खूण मी आहे. वर बघ!"

ती वर पाहू लागली. दिवसेंदिवस माझे करकरणे उणावत गेले. तरीही प्रयोगाच्या संध्याकाळी तिने निक्षून सांगितले, "आज मावशी पुढे झुकली, तर हे माझं शेवटचं नाटक." मला मागच्या रांगेत मांडले गेले. पहिला अंक सरला, दुसरा सरला. मावशी माझ्या पाठीला निवांत टेकून होत्या. अखेरचे वाक्य तिने अगदी हळू उच्चारले. ते भिंतीपर्यंत स्वच्छ आले.

पडदा पडण्यापूर्वीच मी मोठ्याने करकरले! टाळ्यांना सुरुवात व्हायची होती. नमस्काराला जोडलेले तिचे हात तेथेच थबकले.

"अगं, उठले मी!" मावशी ओरडल्या. "टाळ्या वाजवायला उठूही नको का?"

सारे प्रेक्षागृह हसले आणि तिच्यासाठी उभे राहिले.

मुलांनो, घरातल्या जुन्या वस्तूंचे पाय अवश्य दुरुस्त करा. परंतु जी तुमच्या तोंडावर करकरते, तिला तेल घालून गप्प करू नका.