विमानांचा हेवा करणारी मोटार

मित्रांनो, नामपूरला कांद्याच्या चाळीमागे, पत्र्याच्या शेडात उभी असलेली करड्या रंगाची जुनी मोटार म्हणजे मीच. माझ्या मागच्या सीटवर आता कोंबड्या अंडी घालतात. माझी ही गत कशी झाली, ते आज खरं खरं सांगते. त्यात माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही.

पहिली बारा वर्षं मी नाशकात एका डॉक्टरांकडे काढली. मग १९७४ साली सावळीराम यांनी मला विकत घेतलं. ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते आणि गंगापूर रोडच्या मागे दोन खोल्यांत राहत. त्यांच्या पत्नी लताबाई भाड्याच्या मशीनवर ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावायच्या.

घरी आणलं त्या दिवशी धन्यांनी माझ्या बोनेटवरून हात फिरवला. काय सांगू तुम्हाला, मला त्या हाताची सवयच लागली. पण तो हात रोज सकाळी कारखान्याच्या बसने ओझरला जायचा आणि दिवसभर विमानांची सेवा करायचा. संध्याकाळी त्याला त्यांच्याच तेलाचा वास यायचा. जेवताना धनी विमानांचं कौतुक सांगत. मी खिडकीखाली उभी राहून ऐकायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या चकचकीत बयांचे एवढे लाड, आणि मी काय रस्त्यावर पडले होते का?

एका रविवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर माझा पेट्रोलचा पंप खरोखरच बिघडला. धनी माझ्या पुढ्यात वाकून तीन तास खटपट करत होते आणि सगळा वेळ माझ्याशीच बोलत होते. त्या दिवशी मला नको ती अक्कल सुचली. पुढे मी मुद्दामच अडायला लागले. कधी सुरूच व्हायचे नाही, कधी चढावर धापा टाकायचे.

आता धन्यांचीही एक खोड होती. विमानाचा भाग बिघडेपर्यंत थांबायचं नाही, त्याचे ठरलेले उड्डाणाचे तास भरले की तो बदलायचा, ही कारखान्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. तीच त्यांनी मला लावली. माझे तास वहीत लिहून ठेवायचे आणि चांगले धडधाकट भाग काढून नवे बसवायला लावायचे. मेकॅनिक गोरक्ष कपाळावर हात मारून घ्यायचा.

"सावळीरामभाऊ, हे काय विमान हाय का? बंद पडलं तर वरून पडणार नाय. रस्त्याच्या कडेला उभं राहील."

"तू बदल."

"बदलतो. माझं काय जातंय, पैसे तुमचेच."

लताबाई मला तोंडावर सवत म्हणायच्या. स्वतःचं शिलाई मशीन घ्यायचं म्हणून त्यांनी चार वर्षं पैसे साठवले होते. १९८३ च्या दिवाळीआधी मी गिअरबॉक्सचं दुखणं काढलं आणि ते सगळे पैसे गोरक्षच्या हातात गेले. मला खरं तर लाज वाटायला हवी होती, पण मला आनंदच झाला.

त्या संध्याकाळी मात्र धनी माझ्याजवळ फिरकले नाहीत. पायरीवर बसलेल्या लताबाई म्हणाल्या, "माझ्या मशीनचं राहू द्या. पण ही अजून किती खाणार, ते तरी सांगा."

धनी म्हणाले, "थकलो गं मी. पगार हातात पडायच्या आधी हिचं काहीतरी निघालेलं असतं. आता हिच्याकडे बघितलं तरी राग येतो."

राग येतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या फटक्यात सुरू व्हायला लागले. पण फार उशीर झाला होता. पंधरा दिवसांनी कारभारी नावाचे नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी मला बघायला आले. माझ्याभोवती एक चक्कर मारून आपल्या अहिराणीत म्हणाले, "गाडी जुनी शे, पन बरी शे." सौदा झाला.

धनी किल्ली देऊन आत निघून गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. लताबाई मात्र ओलं फडकं घेऊन बाहेर आल्या आणि माझी पुढची काच पुसायला लागल्या. पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "तुला काही झालेलं नव्हतं, ठाऊक आहे मला. मीसुद्धा डोकं दुखतं म्हणून पडून राहायचे. म्हटलं, तुला सोडून जरा माझ्या उशाशी येऊन बसतील."

नऊ वर्षं मी विमानांवर जळत होते. माझ्यावरही कोणी जळतं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातल्या यंत्रांना वेळच्या वेळी तेलपाणी करा, उगाच त्यांचे चांगले भाग बदलू नका. पण घरातलं कोणी सारखं सारखं आजारी पडत असेल, तर नुसतं औषध आणून देऊ नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा. आणि तुम्हाला कोणाची माया हवीशी वाटली, तर सरळ जाऊन मागा. मला तोंड नव्हतं म्हणून मी बिघडत गेले. तुम्हाला तर बोलता येतं.