वैद्यबुवांची सही

"ऐकू येतंय?" लिफ्टच्या पत्र्याला कान लावून वैद्यबुवांनी विचारलं.

"काय?" एजंट म्हणाला.

"बघा. मला ऐकू येतंय, तुम्हाला येत नाही. म्हणून मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि तुम्ही घरं विकता."

एजंटनेही समोरच्या पत्र्याला कान लावला. लिफ्ट तळमजल्यावर मुकाट उभी होती. वैद्यबुवांची बायको खांद्याला पिशवी लावून बाहेर थांबली होती.

"दोर झिजलाय. ब्रेक तर देवाच्या भरवशावर आहे," वैद्यबुवांनी निकाल दिला. "तीन वर्षं, फार तर साडेतीन. मग इथे सहाव्या मजल्यावर राहा, नाहीतर डोंगरावर राहा, सारखंच."

"अहो साहेब, दोनच वर्षांपूर्वी बसवलीय!"

"नवीनच लवकर जातात हो."

"चला," बायको म्हणाली. सातवं घर संपलं.

वैद्यबुवा वैद्य नव्हते. आमच्या कंपनीत लिफ्ट-मेकॅनिक होते. दोरावर तीन बोटं ठेवून नाडी बघितल्यासारखे डोळे मिटत, म्हणून आम्ही ते नाव ठेवलं. एकदा फोनवर नुसता लिफ्टचा आवाज ऐकून कितव्या मजल्यावरचा कोणता बोल्ट ढिला आहे ते त्यांनी सांगितलं होतं. तो मी स्वतः आवळला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. बोल्ट अजून तिथेच आहे. एका कचेरीची लिफ्ट इतकी सावकाश होती की तळमजल्यावर शिरलेल्या कारकुनाला आठव्यावर पोचेपर्यंत बढती मिळून जायची. वैद्यबुवांनी ती नीट केली आणि कचेरीतल्या बढत्या थांबल्या.

अशा माणसाच्या शब्दावर लिफ्टच्या बाबतीत कोण बोलणार? दीड वर्षात सात घरं गेली. पहिल्या इमारतीत लिफ्ट मजल्याच्या बरोबरीने थांबत नव्हती. दुसरीत दरवाजा चावरा निघाला, तिसरीत मोटरला दमा. पुढच्यांची दुखणी आता मलाही आठवत नाहीत.

खरं दुखणं पगाराचं होतं. लग्नाच्या वेळी बायको म्हणाली होती, चाळीस माणसं आणि दोन सह्या, पुष्कळ झालं. यांनी मात्र सासऱ्यांसमोर छाती काढून सांगितलं, "खर्चाचं माझ्यावर सोडा." पाचशे माणसं जेवली. त्यातल्या दीडशेंना नवरा कोणता हे ठाऊक नव्हतं. एका वयस्कर पाहुण्यांनी तर आहेराचं पाकीट बँडमास्तरच्या हातात दिलं, कारण त्याचा कोट जास्त चांगला होता. नवरी भाड्याच्या लाल मखमली सिंहासनावर चार तास बसून होती.

हे सगळं वैद्यबुवांनी पाच वर्षांच्या वैयक्तिक कर्जावर उभं केलं. मग फ्रिज, कपाट आणि चार दिवसांची सहल क्रेडिट कार्डावर गेली. दर महिन्याला ते कार्डाची कमीत कमी रक्कम तेवढी भरत आणि उरलेली पुढच्या महिन्यात आणखी लठ्ठ होऊन परत येई. बायकोला सांगितलं होतं, "बरेचसे पैसे ऑफिसातच कापून जातात." कापून जात होते हे खरं. कात्री कुणाच्या हातात होती, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

घरं बघायला सुरुवात करण्याआधी ते एकदा गुपचूप बँकेत जाऊन आले. तिथल्या अधिकारी बाईंनी कॅल्क्युलेटर दाबला.

"चालू हप्ते आणि घराचा हप्ता मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमचा तर आत्ताच तिसरा हिस्सा जातोय. आधी कार्ड संपवा, मग हे कर्ज. मग या. जोडीने या."

"जोडीने कशाला?"

"अर्ज दोघांचा असतो. दोघांची कर्जं दोघांसमोर येतात."

त्या शेवटच्या वाक्याने वैद्यबुवा गार झाले. पुढच्या रविवारपासून गावातल्या लिफ्टा आजारी पडू लागल्या.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. शाळेची पुस्तकं आणि औषधांच्या खोक्यांवरचा मुंगीएवढा मजकूर तिच्या हाताखालून जाई. छापलेलं काही दिसलं की ती वाचणारच. बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा. पगारातला निम्मा भाग ती लग्नापासून घरासाठी बाजूला टाकत होती, आणि कुठल्या खोलीत काय ठेवायचं हे तिचं ठरलेलं होतं. फक्त खोल्या ठरायच्या होत्या.

आठव्या वेळी एजंट शहाणा झाला. त्याने दुमजली इमारतीतलं तळमजल्यावरचं घर आणलं. तिथे लिफ्टच नव्हती.

वैद्यबुवांनी भिंतीवर टकटक केलं. नळ सोडला, तर पाणी धो धो आलं. खिडकी उघडली, तर वारा आला. शेवटी त्यांनी छताकडे बघितलं.

"वरच्या लोकांना जिना चढावा लागतो."

"मग?" बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे, म्हातारपणी त्यांना जड जाणार."

"साहेब, त्यांच्या म्हातारपणाचं ते बघतील की!" एजंट रडकुंडीला आला होता.

"दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा," ती म्हणाली. तो गेल्यावर तिने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि बंद केलं. "किती बाकी आहे?"

"कशाचं?"

"लिफ्टचं."

वैद्यबुवांनी पुन्हा छताकडे बघितलं.

"पहिलं घर आठवतं? चौथा मजला. लिफ्ट वर्षभरात बंद पडेल म्हणालात."

"हो."

"आत कार्ड लावलं होतं, दर महिन्याच्या तपासणीचं. आदल्याच आठवड्याची तारीख. शेरा, सुस्थितीत. खाली सही तुमची."

ती इमारत आपल्याच फेरीतली आहे, हे वैद्यबुवांना ठाऊक होतं. पण आमच्या धंद्यात कार्ड सही करण्यासाठी असतं. ते कुणी वाचतं, हे चौदा वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"चूक दिसली की लगेच खूण करायची नसते. आधी पान पूर्ण वाचायचं. पुढे आणखी सापडतात."

"सापडल्या?"

"सहा."

मग त्यांनी आकडे सांगितले. क्रेडिट कार्डाची रक्कम. कर्जाचे राहिलेले तेवीस हप्ते.

"कशासाठी काढलं होतं?"

"लग्नासाठी."

"कुणाच्या?"

"आपल्या."

ती ओट्याला टेकली. "त्या सिंहासनाचं भाडं किती होतं?"

त्यांनी सांगितलं.

"चार तास पाठ धरली होती माझी. पण मी उठले तरी. तुम्ही अजून त्याच्याखालीच आहात."

बाहेर येऊन तिने एजंटला नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांत ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

नऊ दिवस ती घरात इतकं मोजकं बोलली की सगळं मिळून बसच्या तिकिटावर छापता आलं असतं. दहाव्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला. लाल शाईने लिहिलेला.

"साठवलेल्यातून आधी कार्ड फेडायचं. त्याचं व्याज सगळ्यात जास्त आहे."

"अगं, ते घराचे पैसे आहेत."

"घर कुठेय?"

कार्ड फिटलं. त्याचे तिने कात्रीने चार तुकडे केले, ते का कोण जाणे साखरेच्या डब्याशेजारी बरेच दिवस पडून होते. वैद्यबुवांनी रविवारी जादा ड्युटी मागून घेतली. घरं बघायचे रविवार असे दुसऱ्यांच्या इमारतींत गेले. महिन्याच्या महिन्याला पगाराची चिठ्ठी टेबलावर येई. बायको ती वाचून, कोपऱ्यात बारीक खूण करून परत देई. "ऑफिसात कापून जातात" हे वाक्य त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

चौथ्या मजल्याच्या त्या पहिल्या इमारतीत वैद्यबुवा दर महिन्याला जात होतेच. त्या घराच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी होती. लिफ्ट लोण्यासारखी चालायची. ते शेरा लिहीत आणि सही करण्याआधी तो एकदा वाचून बघत.

तेविसावा हप्ता गेला. मग दोघं जोडीने बँकेत गेले. त्याच बाई, तोच कॅल्क्युलेटर. दोघांच्या नावाने मंजुरीचं पत्र आलं, रक्कम बेताची आणि मुदत तीन महिन्यांची. घरांचे भाव काही यांच्यासाठी थांबले नव्हते. पूर्वी तीन खोल्या येत होत्या तेवढ्यात आता दोन येत होत्या, त्याही शेवटच्या बसथांब्याच्या पुढे. अडीच महिने फिरण्यात गेले. पत्राचे दोन आठवडे उरले असताना जुन्या एजंटने पाचव्या मजल्यावरचं घर काढलं. बसणाऱ्या भावातलं ते शेवटचंच होतं.

"साहेब, आधी घर बघू," तो दारातच हात जोडून म्हणाला. "लिफ्टचं मग बोलू."

त्याने बटण दाबलं. लिफ्ट वरून खाली येऊ लागली. वैद्यबुवांनी सवयीने दारावर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. लिफ्ट आली, थांबली आणि थांबल्यावर पुन्हा चार बोटं खाली सरकली. दार उघडलं. आत कार्ड होतं, दुसऱ्या कंपनीचं. याच महिन्याची तारीख. सुस्थितीत.

सात धडधाकट लिफ्टांना आजारी पाडलेल्या माणसासमोर आठवी खरोखरच आजारी उभी होती.

"काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही" म्हणायला दोनच शब्द लागतात. पिशवीत बँकेचं पत्र होतं.

"ब्रेक घसरतोय," वैद्यबुवा म्हणाले. "या वेळी खरंच."

"झालं!" एजंट जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

तिने नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. वरपासून खालपर्यंत, पान वाचावं तसं.

"लिहून द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. नोकरीवर बेतू शकतं. वैद्यबुवांनी खिशातलं पेन काढलं, आत न शिरता हात लांबवून कार्ड सोडवून घेतलं आणि भिंतीवर धरून लिहिलं: ब्रेक घसरतो. दुरुस्तीपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. खाली तारीख घातली आणि पूर्ण सही केली.

तिने कार्ड हातात घेतलं. पहिल्या अक्षरापासून तारखेपर्यंत वाचलं आणि परत दिलं.

"दादा, वरची किल्ली द्या."

"अहो ताई, पाचवा मजला आहे!"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

वैद्यबुवांनी लिफ्टचा मुख्य स्विच पाडला, कार्ड दारावर सगळ्यांना दिसेल असं अडकवलं आणि मागोमाग चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर ती दम घ्यायला थांबली. खांद्यावरची पिशवी काढली आणि मागे वळून न बघता मागे धरली.

त्यांनी ती घेतली. अजून दोन मजले होते.