सगळ्यांची ताई

मी लतिकाला मालेगावला न्यायला आले होते, भावंडांची भांडणं मिटवायला नव्हे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणी म्हणायला नको. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. मला मूल नाही. देवधर्म, डॉक्टर, सगळं करून झालेलं. त्यात धाकट्या बहिणीने, सरोजिनीने, निरोप धाडला, "आक्का, आमच्या पोरीला तू ने बाई. तुझ्याकडेच शिकू दे तिला." मी कशाला नाही म्हणतेय? फ्रॉकची कापडं घेऊन ठेवली आणि रणरणत्या उन्हात एसटीने नाशिक रोड गाठलं.

माझे मेव्हणे दिवाकरराव नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, राहायला क्वार्टर. दारातच पाच वर्षांचा ढुंढिराज उभा. नाव आजोबांचं आणि भुवईवर ताजे टाके. आंब्याची कोय कुणी चोखायची यावरून दोघांची जुंपली, लतिकाने ढकललं आणि हा उंबऱ्यावर आपटला.

"डोळाच जायचा गं, आक्का!" सरोजिनी रडायलाच लागली. "दहा वर्षांची घोडी झाली, पण समज म्हणून नाही. रोज उठून हेच. मी कंटाळले."

लतिका कोपऱ्यात बसून पिशवी भरत होती. मला वाटलं, रडत असेल. छे! फ्रॉकच्या नीट घड्या घालत होती.

"मावशी, मग मी परत यायचं नाही ना?" तिने विचारलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

संध्याकाळी पानं घेतली. मी ढुंढिराजाला म्हटलं, "जा रे, लतिकाला हाक मार. रस वाढलाय."

तो जागचा हलेना. "लतिका कोण?"

दिवाकरराव हसले. सरोजिनीही हसली. "अरे गाढवा, ताई!"

"ताईचं नाव ताईच आहे," तो ठासून म्हणाला. "तू ताई म्हणतेस, बाबा ताई म्हणतात, शेजारच्या भागीबाईपण ताईच म्हणतात."

लतिका दारात येऊन उभी होती. ती हसली नाही.

"त्याला सवय लागावी म्हणून म्हणायला लागलो, मग तेच पडलं तोंडात," सरोजिनी म्हणाली.

खरंच आहे. आपल्याकडे घरात दुसरं मूल आलं, की पहिलीची ताई होते. ताई, त्याला खेळणं दे. ताई, तू मोठी ना, मग सोड. जळलं मेलं ते मोठेपण! माझ्या आईनेही मला मरेपर्यंत आक्काच म्हटलं. ते ओझं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. माझा पारा चढला.

"मी आहे तोवर या घरात कुणी तिला ताई म्हणायचं नाही," मी बजावलं. "लतिका म्हणायचं. आणि कोय आज याला, तर उद्या तिला. मोठी न् धाकटा काही चालणार नाही."

"पण आक्का, तुम्ही तर तिला घेऊन निघालात," दिवाकरराव म्हणाले.

"चार दिवस आहे ना मी." बोलून गेले आणि जीभ चावली. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेत होते, हे कळत का नव्हतं? पण माझ्या तोंडाला कुलूप नाही, त्याला काय करणार?

सरोजिनी "ता" म्हणायची आणि आवंढा गिळायची. ढुंढिराजाला मात्र चेव आला. सगळ्या कॉलनीत "लतिका! ए लतिका!" करत हिंडायचा. आधी ती चिडली, मग ओ द्यायला लागली. आईने नावाने हाक मारली की मात्र पोरगी हातातलं काम टाकून वर बघायची.

निघायच्या आदल्या दिवशी कोयीची पाळी लतिकाची होती. ती मागच्या पायरीवर बसून चोखत होती. ढुंढिराज शेजारी.

"लतिका, सगळ्यांना ताई असते?"

"काहींना असते."

"मला आता नाही?"

ती कोय चोखत राहिली.

"एकदाच म्हणू? मावशीला नाही सांगणार."

मावशी दाराआडच उभी होती.

"म्हण," लतिका म्हणाली. "पण कोय नाही देणार."

"नको मला कोय. ताई," तो म्हणाला आणि तिला टेकून बसला. तिने त्याला दूर केलं नाही. चिकट हात त्याच्या सदऱ्याला लागू नयेत म्हणून तेवढे वर धरले.

सकाळी पिशवी हातात घेऊन ती माझ्यासमोर आली. मान खाली. "मावशी, मी तुझ्याकडे दिवाळीला आले तर चालेल?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं आणि तिचे फ्रॉक मीच पिशवीतून काढून फळीवर ठेवले. लपवून काय उपयोग? मला ती पोर हवी होती. अजून हवी आहे.

सरोजिनी हळूच जवळ आली. "आक्का, रागावलीस? आणि आता ताई म्हटलं तर चालेल ना गं?"

"तो म्हणेल. त्याची ती ताई आहे. तुझी कोण आहे?"

सरोजिनीने तोंडाला पदर लावला. "लेक," ती म्हणाली.

"मग लेकीला नावाने हाक मार."

तिने मारली. लतिका "ओ, आई" म्हणत तिच्याकडे धावली आणि मी माझी पिशवी उचलून एकटीच स्टँडकडे निघाले.