एकोणचाळिसावी चौकट

"माणसं अडतीस, मग फोटो एकोणचाळीस कसे?"

रोनाल्डने मोठ्यानेच विचारलं. दुकानात उत्तर द्यायला कोणी नव्हतं. पलीकडच्या खुर्चीत बसून बावीस वर्षं असल्या प्रश्नांना उत्तरं देणारा कॅल्विन ऑगस्टमध्ये गेला होता, आणि त्या खुर्चीवर आता छापलेल्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते.

तुळिंजच्या बाजारात दोघांचं हे ग्राफिक्सचं दुकान. बॅनर, पाट्या, पत्रिका, पडेल ते काम. पण वर्षातलं एक काम गावच्या चर्चचं. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मृतांसाठी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना होते, आणि त्या वर्षी गेलेल्या प्रत्येकाचा फोटो नाव-तारखेसह पडद्यावर येतो. फादर थॉमस यांची अट एकच होती. सगळे फोटो एका मापाचे. बंगलेवाला असो नाहीतर मिठागरावरचा, मेल्यावर कोणी मोठा नाही. कॅल्विनने या अटीचं पिक्सेलमध्ये भाषांतर केलं होतं: १०८० बाय १३५०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

कामाची वाटणीही ठरलेली. फोटोतले डाग, सुरकुत्या, मागून डोकावणारी पोरं पुसायची ती रोनाल्डने. चौकटी आखायच्या, त्यात माणसं बसवायची आणि फाईल एक्स्पोर्ट करून सगळ्या चौकटींचे एकदम वेगवेगळे फोटो काढायचे ते कॅल्विनने. त्या फाईलीला रोनाल्डने यंदापर्यंत कधी हात लावला नव्हता.

"चौकट पूर्ण आकड्यावर उभी पाहिजे," कॅल्विन सांगायचा. "अर्ध्या पिक्सेलवर ठेवलीस ना, तर सॉफ्टवेअर पलीकडचा पण एक उचलतं. मग त्या माणसाची पाळी आली की पडद्यावर हलतो. लोकांना वाटतं, दचकला."

"एका पिक्सेलने कोणाला कळतंय रे?"

"मला कळतंय."

इतका काटेकोर माणूस. त्याच्यापुढे वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

आज एक तारीख. संध्याकाळी पाचपर्यंत फोटो चर्चमध्ये पोचवायचे होते. सदतीस जण बसवून झाले होते. अडतिसावी चौकट अजून कोरी होती. तिच्याखाली फक्त नाव होतं, कॅल्विन डाबरे. त्याच्या बायकोने, जीनाने, फोटो पाकिटात घालून दिला त्याला दहा दिवस झाले, ते पाकीट उघडायचं धाडस रोनाल्डला झालं नव्हतं. तेवढंच टाळायला म्हणून त्याने आधी सगळ्या चौकटींचे फोटो काढून बघितले. निघाले एकोणचाळीस. त्यातले अडतीस नेमक्या मापाचे. शेवटचा मात्र १०८१ बाय १३५१.

कॅल्विनच्या फाईलीत चूक? रोनाल्डला हसूच आलं. त्याने तो फोटो उघडला.

फोटो त्याचा स्वतःचा होता.

खाली नाव, रोनाल्ड तुस्कानो. जन्मतारीख बरोबर. पुढे, मृत्यू २३ एप्रिल २०२१. आणि त्याखाली, शोकाकुल: पॉलिन, मुले आणि कॅल्विन.

रोनाल्डने फोटो बंद केला, पुन्हा उघडला. तारीख तीच. फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा, तो मनापासून हसतोय, आणि त्याच्या खांद्यावर, फोटोबाहेर कापल्या गेलेल्या कोणाची तरी चार बोटं राहून गेलीत. ती कोणाची हे त्याला माहीत होतं. बाहेर रिक्षावाल्यांचा आरडाओरडा चालू होता. तो ऐकून आपण जिवंत आहोत याची त्याने खात्री करून घेतली आणि घरी बायकोला फोन लावला.

"पॉलिन, कोविडमध्ये मी ॲडमिट होतो ना, तेव्हा तेवीस एप्रिलला काय झालेलं?"

ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"सांग ना."

"चार वाजता दवाखान्यातून फोन आलेला. म्हणाले, पेशंट गेला, बॉडी घ्यायला या. मी कॅल्विनला कळवलं. तो म्हणाला, पुढचं सगळं मी बघतो. सहाला परत फोन. सॉरी, बेड चुकला, तुमचा माणूस आहे."

"दोन तास?"

"दोन तास. पोरांना पण सांगून झालेलं. मग ठरवलं, तुला कधीच सांगायचं नाही."

"चुकला म्हणजे? मग गेला कोण?"

"तुझ्या बाजूचा."

बाजूचा म्हणजे सुधाकर. फुलपाड्याचा होता. तोंडावर मास्क असल्यामुळे दोघं हातानेच बोलायचे. एका सकाळी तो खाटेवर नव्हता, आणि घरी गेला असेल असं रोनाल्ड चार वर्षं धरून चालला होता.

"म्हणजे त्याच्या घरी दोन तास तो जिवंत होता," रोनाल्ड म्हणाला.

"कॅल्विनने तेव्हा तुझं श्रद्धांजलीचं कार्ड बनवलेलं," पॉलिन हळूच म्हणाली. "मी म्हटलं, पुसून टाक ते. म्हणाला, हात धजत नाही. पुसलं तर खरं होईल असं वाटतंय."

फोन ठेवून रोनाल्डने फाईलीत ती चौकट शोधली. ती पार खाली, सगळ्या रांगांपासून लांब एका कोपऱ्यात वाकडीतिकडी पडली होती. जागेचा आकडा होता ४१२.३७. कॅल्विनच्या फाईलीत पूर्णांकापुढचा आकडा रोनाल्ड पहिल्यांदाच बघत होता. त्या दिवशी कॅल्विनने मापं घेतलीच नव्हती. माउसने धरून जमेल तशी ओढली होती, आणि नंतर तिला हात लावला नव्हता. दरवर्षी फोटो काढताना तो तेवढ्या चौकटीपुढची निवडीची खूण काढून ठेवायचा, की झालं. रोनाल्डला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तो रडला. चांगला दहा मिनिटं रडला, आणि त्या वेळात आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने हातानेच उद्या या म्हणून सांगितलं.

मग त्याने जीनाचं पाकीट फोडलं. कॅल्विनच्या गालावरचा डाग पुसला नाही, तो त्याचाच होता. फोटो अडतिसाव्या चौकटीत बसवला, आकडे तपासले. सगळे पूर्ण.

आता राहिली आपली चौकट. त्याने मृत्यूची तारीख खोडली आणि जागा रिकामी ठेवली. चौकट वर आणून कॅल्विनच्या शेजारी लावली, आणि पूर्णांकापुढचे आकडे काढून टाकले. पुढे ही फाईल ज्याच्या हातात जाईल त्याला त्रास नको. शोकाकुलमधल्या तिसऱ्या नावापाशी त्याचा हात थांबला. त्याने ते नाव तसंच राहू दिलं.

आपल्या चौकटीची खूण काढून त्याने पुन्हा फोटो काढले आणि एकेक करून मोजले. अडतीस. सगळे एका मापाचे.